मीठ-पाणी : औषध कधी, अपाय कधी?

पहिला जोराचा पाऊस झाला की वस्तीत दोन गोष्टी हमखास दिसतात. नळाला गढूळ पाणी येते आणि दवाखान्याबाहेर जुलाब-उलटीच्या पेशंटची रांग लागते. रांगेत लहान मुले जास्त, आणि त्यांच्या आयांच्या तोंडी एकच मागणी असते, "सिस्टर, पोराला एक सलाईन लावा." नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षे वॉर्डात काढली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. दोन्हीकडे हेच ऐकत आले आहे.

माता-भगिनींनो, त्या सलाईनच्या बाटलीत असते तरी काय? मीठ आणि पाणी. तेच मीठ तुमच्या डब्यात आहे. घसा धरला की आपण त्याच मिठाच्या गुळण्या करतो, कैरीला तेच लावतो, जुलाब झाले की तेच साखरेबरोबर पाजतो. मग एकच वस्तू कधी जीव वाचवते आणि कधी अपाय करते, हे कसे? उत्तर एका शब्दात आहे : माप. हे माप कळले तर पैसे वाचतील, आणि वेळ आली तर घरातले लेकरू वाचेल.

मीठ पाण्यात गेले की काय होते?

आपले खायचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम आणि क्लोराइड असे दोन प्रकारचे कण त्यात एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. सोडियमवर धन विद्युतभार असतो, क्लोराइडवर ऋण. पाण्याच्या कणाची एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण असते. त्यामुळे मीठ पाण्यात टाकले की पाण्याचे कण दोघांना दोन बाजूंनी ओढतात आणि सुटे करतात. याला आपण मीठ विरघळले म्हणतो. मीठ नाहीसे झालेले नसते, त्याचे कण पाण्यात सगळीकडे पसरलेले असतात. म्हणून तर पेल्यातला वरचा घोट आणि खालचा घोट सारखाच खारट लागतो.

आता स्वयंपाकघरातली दोन उदाहरणे पाहा. चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवले की तासाभरात भांड्यात पाणी सुटते. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. कारण एकच. पातळ पडद्याच्या एका बाजूला मीठ किंवा साखर जास्त असेल, तर पाणी त्या बाजूला ओढले जाते. शास्त्राच्या भाषेत याला परासरण म्हणतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला असाच पडदा असतो.

आपल्या रक्तातही मीठ आहे. म्हणून शिरेतून द्यायच्या सलाईनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ ठेवतात. नेहमीच्या ५०० मिलीलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. हे द्रावण रक्ताशी साधारण बरोबरीचे असल्यामुळे रक्तातल्या पेशी फुगतही नाहीत आणि सुकतही नाहीत. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्यायले तर तहान भागत नाही, उलट ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना शरीरातलेच पाणी खर्च करावे लागते. मीठ तेच, माप चुकले की काम उलटे होते.

जुलाबात मिठाला साखरेची सोबत का लागते?

जुलाब आणि उलट्यांत नुसते पाणी जात नाही, त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम असे क्षारही जातात. म्हणून नुसते पाणी पाजून भागत नाही. नुसते मिठाचे पाणी पाजूनही काम होत नाही, कारण जुलाब चालू असताना आतडे नुसते मीठ नीट ओढून घेत नाही.

पण आतड्याच्या आतल्या अस्तरात एक खास दार आहे. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज ही साखर जोडीनेच आत जातात. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणीही आत ओढले जाते. विशेष म्हणजे पटकीसारख्या भयंकर जुलाबातही हे दार चालू राहते. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस याच दारावर उभे आहे. त्यातली साखर चवीसाठी नसते, मीठ आणि पाणी आत नेण्यासाठी असते.

मात्र साखर फार झाली तर ती आतड्यातच राहते आणि शरीरातले पाणी बाहेर ओढते. कैरीचीच गोष्ट इथे पोटात घडते आणि जुलाब वाढतात. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला कोल्ड्रिंक, बाटलीतला ज्यूस किंवा फार गोड सरबत देऊ नये.

या ज्ञानाची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. दवाखान्यात जमिनीवरही जागा उरली नव्हती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापाने एकत्र करून त्याच्या पुड्या बनवून घेतल्या. ते पाणी पिंपांत कालवले आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या हाती पेला दिला. आईने, भावाने, शेजाऱ्याने पाजत राहायचे. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघरी स्त्री कार्यकर्त्या पाठवल्या. त्यांनी एक कोटीहून जास्त घरांत आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवले. या कार्यकर्त्यांचा मोबदला त्यांनी किती घरांना भेट दिली यावर ठरत नसे. त्या आईला नंतर किती आठवते आणि नीट करता येते का, हे तपासून तो ठरे. शिकलेल्या आयांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी हे करून दाखवले. मग आपल्याला का जमणार नाही?

घरी कसे करायचे?

सगळ्यात चांगले म्हणजे ओआरएसचे पाकीट. ते आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. यातले पोटॅशियम घरच्या मीठ-साखरेत नसते, म्हणून पाकीट सरस.

पाकिटावर किती पाण्यात टाकायचे ते आधी वाचा. काही पाकिटे एका लिटरची असतात, काही २०० मिलीलिटरची. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर ते पाच पट खारट होते आणि लहान मुलाला धोका होतो. अर्धे पाकीट आज आणि अर्धे उद्या असेही करू नका, कारण पुडीत प्रत्येक क्षार सारखा वाटला जाईलच असे नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. मोजायला एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वापरा.

पाकीट नसेल तर घरचे माप असे :

- उकळून गार केलेले पाणी एक लिटर
- साखर सपाट ६ चहाचे चमचे
- मीठ सपाट अर्धा चहाचा चमचा

चमचा शिगोशीग नको, बोटाने वरून सपाट करा. कालवल्यावर आधी स्वतः चाखा. आपल्या डोळ्यांतले पाणी जेवढे खारट लागते, त्याहून जास्त खारट लागले तर ते ओतून द्या आणि पुन्हा करा. केलेले पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर टाकून द्या. ओआरएस कालवल्यावर उकळू नका. आणि लक्षात ठेवा, मीठ टाकल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत. पाणी आधीच उकळलेले किंवा क्लोरीन टाकून शुद्ध केलेले हवे.

किती पाजायचे? दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक पातळ शी झाल्यावर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. वाटी-चमच्याने, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. "उलटी होते म्हणून पाजले नाही" हे मी शेकडो वेळा ऐकले आहे. उलटीत सगळे बाहेर पडत नाही, काही आत राहतेच.

अंगावरचे दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला मऊ भात, वरण, केळे, ताक देत राहा. "पोटाला विसावा" म्हणून उपाशी ठेवलेले मूल आणखी अशक्त होते. ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्याही १४ दिवस द्यायच्या असतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करा. या गोळ्याही आशाताईंकडे मिळतात.

पण पुढचे काही दिसले तर घरी वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा : मूल मलूल पडले किंवा उठवूनही नीट जागे होत नाही, पाणी पिता येत नाही किंवा प्यायलेले सगळेच उलटून पडते, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते, सहा-आठ तासांत लघवी नाही, शीमध्ये रक्त आहे, ताप खूप आहे, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतले आहे. अशा वेळी शिरेतले सलाईन खरोखर जीव वाचवते. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल तर वाटेतही घोट-घोट पाजत राहा.

दुकानातले "ओआरएस"

मेडिकलमध्ये रंगीत डब्यांत, संत्र्या-सफरचंदाच्या चवीची पेये बरीच वर्षे ओआरएसच्या नावाने विकली गेली. त्यांतल्या अनेकांत साखर खूप जास्त आणि क्षार कमी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही घेताना पाकिटावर "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिले आहे का ते पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. साधे पाकीट स्वस्त असते आणि तेच खरे असते.

अशक्तपणाला बाटली?

आता तो नेहमीचा विषय. अंग दुखते, चक्कर येते, काम होत नाही, की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "एक बाटली लावा." दिवसाचा रोज त्यात जातो.

हिशोब करू या. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, ताकद शून्य. ग्लुकोजची ५०० मिलीलिटरची बाटली लावली तर तिच्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे. एका भाकरीएवढीही ताकद त्यातून मिळत नाही. त्यात पिवळे औषध घातले की बाटली जोरदार वाटते, पण ते बहुतेक वेळा जीवनसत्त्वाचे इंजेक्शन असते. तेवढा वेळ पडून राहिल्याने विसावा मिळतो आणि बरे वाटते, एवढेच. बदल्यात सुई टोचल्याजागी सूज, जंतुसंसर्ग, थंडी वाजून येणे असे धोके पत्करावे लागतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला जादा पाणी चढले तर दम लागून जिवावर बेतू शकते.

बायांच्या अशक्तपणामागे बहुतेक वेळा रक्त कमी असणे हे कारण निघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मिठाच्या पाण्याने रक्त वाढत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या, डाळी-पालेभाज्या आणि जमेल तसे अंडी-मटण-मासे खा. साखर, थायरॉइड, क्षयरोग यांची तपासणी लागते का ते डॉक्टरांना विचारा. जो पेशंट तोंडाने पिऊ शकतो, त्याला बहुतेक वेळा सुईची गरज नसते. "बाटली कशासाठी?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रोजच्या वापरात

घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. सुजलेल्या घशाला आराम पडतो. पण हे पाणी गिळायचे नाही. फार लहान मुलांना गुळण्या करायला लावू नका. घसा आठवडाभर दुखला, ताप आला किंवा गिळता येईना तर डॉक्टरांना दाखवा.

दात काढल्यावर पहिला दिवस जोरात चूळ भरू नका, रक्ताची गाठ निघून येते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठ-पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडा.

बाळाचे नाक चोंदले तर मेडिकलमधले सलाईनचे नाकात घालायचे थेंब वापरा. जलनेती करणाऱ्यांनी नळाचे, विहिरीचे किंवा तळ्याचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि तो आजार बहुधा जीव घेतो. केरळात अलीकडे असे रुग्ण आढळले आहेत. पाणी उकळून गार केलेलेच हवे.

खरचटले किंवा कापले तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली जखम धुवा, तेवढे पुरते. जखमेवर मीठ चोळू नका. पेशींतले पाणी ओढले जाते, आग होते, आणि जखम लवकर भरत नाही. डोळ्यांत घरी केलेले मीठ-पाणी घालू नका.

थकलेले पाय गरम मीठ-पाण्यात ठेवले तर बरे वाटते. मात्र साखरेचा आजार असलेल्यांनी हे टाळावे. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, पाणी किती गरम ते कळत नाही आणि पाय भाजतात.

उन्हात काम करणारे सफाई कामगार, नाक्यावरचे आणि बांधकामावरचे मजूर यांच्या घामातून मीठही जाते. त्यांनी तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे, आणि मधूनमधून ताक, लिंबू-सरबत किंवा ओआरएस घ्यावे. मिठाचे खडे चघळू नयेत.

हे कधीच करू नका

घरात कुणी फिनेल, ॲसिड, रॉकेल, उंदराचे औषध प्यायले की लोक मिठाचे दाट पाणी पाजून उलटी करवतात. हे अतिशय घातक आहे. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते, रॉकेल फुप्फुसात शिरते. शिवाय एवढे मीठ रक्तात गेले की मेंदूच्या पेशींतले पाणी ओढले जाऊन झटके येतात, आणि विषाऐवजी मिठानेच माणूस दगावू शकतो. काहीही न पाजता १०८ ला फोन करा आणि ती बाटली किंवा पुडी बरोबर न्या.

आणखी एक. मीठ-पाणी हे आजारातले औषध आहे, रोजचे टॉनिक नाही. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात भाजी, लोणचे, पापड, सुके बोंबील, फरसाण, वेफर्स सगळे आले. रक्तदाब असलेल्या घरात ताटात वरून मीठ वाढणे आजपासून बंद करा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी ओआरएससुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एवढे करू या

प्रत्येक घरात ओआरएसची दोन पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या असू द्या. पावसाळ्याआधी आशाताईंकडून मागून घ्या, नाही मिळाल्या तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, त्या आपल्या हक्काच्या आहेत. येत्या रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात बाया जमतील तेव्हा एक लिटरची बाटली, साखर, मीठ आणि चमचा मांडा. एकीने करून दाखवावे, बाकीच्यांनी चाखून पाहावे, मग प्रत्येकीने स्वतः करावे. नव्या सुना, शाळेतल्या मुली आणि हो, घरातले पुरुषही त्यात हवेत. लेकरू रात्री दोन वाजता आजारी पडते, तेव्हा जो जागा असेल त्याला हे माप पाठ पाहिजे : एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.